बैठकीखाली

दारूखान्यात आमच्या शेडवर तो टेम्पोतून आला,
जुन्या रजयांत बांधलेला,
वर खडूनं लिहिलेलं : घोडा, सांभाळून.
खंबाला हिलच्या शिरीनबाई दुबाश यांचा. माल इटलीचा.
सासऱ्यांनी बोटीनं आणलेला, मग चाळीस वर्षं गच्चीवर,
समुद्राकडे तोंड करून.
खाऱ्या वाऱ्यानं पोटाला जंगाल चढलं होतं
आणि सवार डुगडुगत होता.

मी दिगंबर कासार. फिनिशिंगचा माणूस.
सव्वीस वर्षं घोडे घासतोय.
आमचे घोडे तुम्ही चौकांत पाहिलेत :
पुढचा पाय उचललेला, शेपटीत लपवलेला रॉड,
छाती अशी की वारा अडावा.
तलवार किती अंशांत ते कमिटी ठरवते.
एकदा तर मिशीवरून मोर्चा आला होता शेडवर.

हा तसला नव्हता.
चार पाय चारीकडे रोवलेले, एखाद्या बाजेसारखे,
मान सरळ वर ताणलेली.
खोगीर नाही, लगाम नाही, रिकीब नाही.
वरचा माणूस नागडा, मागं कललेला,
दोन्ही हात पसरून,
आणि हात मनगटाशीच संपलेले.
पोरं म्हणाली, काका, ह्याचं काम अर्धंच राहिलंय.
मीही तेच म्हणणार होतो.

मामा आठवला.
महालक्ष्मीला मोतद्दार होता. जन्मभर
दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद काढली,
स्वतः एकदाही घोड्यावर बसला नाही.
सांगायचा, घोडा खिंकाळतो ते सगळ्यांनाच ठाऊक,
किंचाळतो ते फक्त आम्हाला.
तेव्हा मान अशी होते. कान मागं चिकटतात
आणि पाठीवर कोण बसलंय
हे त्याच्या ध्यानातून जातं.

बोल्ट काढला. सवार गोणपाटावर ठेवला.
रात्री कुलूप लावताना मागं पाहिलं :
ओझं उतरलं तरी घोड्याची मान तशीच.
माणूस उताणा,
मांड्या अजून घोड्याला धरलेल्या.

सकाळी त्याला पालथा घालून बसलो,
साबणाचं पाणी, ब्रश, बांबूची काडी.
तर बैठकीखाली, जिथं कुणी कधी बघणार नाही,
एक अंगठा.
मेणात उमटलेला. मेण वितळून गेलं
आणि त्या पोकळीत धातू येऊन बसला,
रेषेला रेष,
मधून कापल्याचा आडवा चरा, तोही.

मोठ्या साहेबाचा असेल म्हणून
मी माझा अंगठा वर ठेवून बघितला.
माझा मोठा पडला.
पोराचा असावा. किंवा बाईचा.
मेण गार होण्याआधी कुणीतरी घाईनं दाबून धरलं,
मग जेवायला गेलं असेल.

माझेही आहेत. सांगत नाही कुणाला.
एका घोड्याच्या खोगिराच्या आतून,
एका जिरेटोपाच्या आत,
आणि जयंतीला क्रेननं हार चढवतात
त्या एका मानेच्या मागं, केसांच्या खाली.

शिरीनबाईंचा फोन : चकचकीत करून दे हां, सोन्यासारखा.
केला नाही. नुसता धुतला, मेण लावलं,
पोटावरचं थोडं हिरवं राहू दिलं.
नवा बोल्ट जुन्या भोकात आवळला
तेव्हा माणूस बोटभर आणखी मागं गेला.
परत सैल करून पाहिलं. नाही आला पुढं.

गच्चीवर चौघांनी मिळून चढवला.
मागच्या कठड्यावरून रेसकोर्सची हिरवळ दिसते,
हे मला माहीत नव्हतं.
बाई चष्मा पुसून बघत राहिल्या.
‘अगोदर एवढा मागे नव्हता. पडेल काय?’
मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं पडतोच आहे.
त्या हसल्या नाहीत.
जिथं त्याचा पंजा असता
तिथं हवेत हात नेला त्यांनी, थोडा वेळ ठेवला,
मग बिल मागितलं.

बोल्ट एक. मेण पाव किलो. टेम्पो जाऊन येऊन.
मजुरी दोन दिवस.
‘दोन?’ त्या म्हणाल्या,
‘मग आठ दिवस काय करत होतास?’