प्राथमिक

नक्कल विभागात मी एकवीस वर्षं काढली,
निम्म्याहून जास्त सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात,
बाकीची बावड्याला.
न्याय द्यायचं काम माझं नव्हतं.
शेवटच्या पानाच्या पाठीवर तीन तारखा घालायच्या:
अर्ज आला,
नक्कल तयार झाली,
नक्कल दिली.
सही, गोल शिक्का, पुढचा नंबर.

रत्नप्रभा मगदूम आली जुन्या कोर्टात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात.
उद्यमनगरातला वडिलांचा कारखाना,
दोन शेड, चार लेथ, मागं छोटी भट्टी.
दोन भाऊ, ही एक.
निकालाची पानं तिनं खिडकीतच चाळली
आणि बोट ठेवलं.
"नववा लिवलाय. तिसरा पायजे.
पर हे प्राथमिक हाय न्हवं?"
मी म्हणालो, हो, प्राथमिक हुकूमनामा.
"मग झालं की.
प्राथमिक म्हंजे पैली-दुसरी. हायस्कूल हाय अजून पुढं.
अंतिम येऊ दे, मग बघतो."
आमच्याकडच्या बायका बोलतात तशी,
येतो, जातो, बघतो.

माझ्या डोक्यावर पाटी होती,
कर्मचाऱ्यांनी पक्षकारांस सल्ला देऊ नये.
पाटीचा खिळा मीच ठोकला होता.

एका दाव्यात दोन हुकूमनामे असतात,
हे बाहेर कुणाला खरं वाटत नाही.
पहिला सांगतो कुणाचं किती.
दुसरा सांगतो कुठलं कुणाचं:
ही भिंत, ते मशीन, लाइटचं मीटर.
पहिला नावानं कच्चा,
पण 'किती'पुरता त्याच दिवशी पक्का.
भांडायचं तर त्याच्यावर, तेव्हाच, तीस दिवसांत.
नंतर अंतिमावर अपील करता येतं,
पण त्यात नववा का तिसरा हे तोंडातून काढता येत नाही.
तीस दिवसांतून नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात,
म्हणजे माझे दिवस.
मी जितका हळू, तितकी तिची मुदत लांब.
नेमका त्या आठवड्यात टायपिस्ट रजेवर नव्हता,
झेरॉक्सचं मशीन चालू होतं,
चार दिवसांत नक्कल हातात.
ती म्हणाली, "सरकारी काम असं असावं."

"मागच्या तारखा बघून ठेवा," एवढंच मी म्हणालो.
हा सल्ला होता की नव्हता,
मला अजून ठरवता येत नाही.
तिनं पान उलटलंच नाही.
पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, त्याच्यावर नक्कल ठेवली
आणि गेली.

अकरा वर्षं.
मध्ये कोर्ट बावड्याला आलं, दप्तरं ट्रकातून आली,
कोर्ट कमिशनर टेप घेऊन उद्यमनगरात दोनदा जाऊन आला,
धाकटा भाऊ वारला, त्याची पोरं रेकॉर्डवर आली.
अंतिम झाला.
तिच्या वाटणीला एक लेथ
आणि दाराजवळची साडेनऊ फूट जागा.

खिडकीशी आली तेव्हा केस पांढरे, चष्मा.
तिनं ओळखलं मला, मी नाही ओळखलं असं दाखवलं.
वकिलानं सांगितलं होतं तिला सगळं.
रागानं नाही बोलली.
भट्टीकडं बघत वाढलेली बाई, तशीच बोलली:
"साच्यात ओतलेलं वरनं लाल असतंय हो लई वेळ.
आकार कवाच धरलेला असतोय.
आप्पा काठी घेऊन बसायचे, कुणी हात लावू नये म्हणून.
हे मला ठावं हुतं.
कागदाचं बी तसंच असतंय
हे ठावं न्हवतं."

मी तीन तारखा घातल्या. सही केली.
शिक्का नीट उठला नाही, परत मारला.
ह्या वेळी तिनं आधी पान उलटलं,
तारखांवर बोट फिरवलं,
आणि तिथंच, मागची रांग थांबवून,
बोटांच्या पेरांवर तीस मोजायला लागली.