कोरम

गुरुवारी चार वाजता, गावभागात, वाचनालयाच्या माडीवर
पदवीधर महिला संघाच्या सांगली शाखेची सभा.
कोरम सात. आम्ही पाच.
घटनेत लिहिलंय : सभा अर्धा तास तहकूब करावी,
मग तीच सभा, तिथंच, तेवढ्याच जणींत
कायदेशीर धरावी.

हा अर्धा तास मला फार आवडतो.
पुडीतलं भडंग निघतं.
मिरजेहून जोहरा मुजावर येते,
तिच्या पिशवीला पॉलिशचा वास, घरात सतारी होतात.
कलावतीबाई उपाध्ये पेन्सिलीला टोक काढत बसतात.
बी.एस्सी., रसायन, १९६४.
चाळीस वर्षं त्यांनी पापडखाराचं प्रमाण
मोलमध्ये मोजलं,
मनातल्या मनात.

दिल्लीच्या केंद्रीय कार्यालयाचं पत्र आलंय :
वर्गणी तीन वर्षं थकली आहे, सभासदसंख्या कळवावी.
ती कशी कळवायची?
एकोणीसच्या पुरात रजिस्टर खालच्या कपाटात होतं.
आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं
तेव्हा आम्ही माणसं मोजत होतो, वह्या नाही.
नंतर विश्रामबागेत कुणाच्या तरी गच्चीवर
एकेक पान वर्तमानपत्रात घालून इस्त्री केली.
नावं शाईची होती, ती वाहून गेली.
पदवी आणि साल मात्र पेन्सिलीनं,
तेव्हाच्या खजिनदार शाईच्या बाबतीत चिकट.

आता पान असं दिसतं :
निळा डाग, एम.ए., १९५८.
निळा डाग, बी.टी., १९६१.
निळा डाग, एलएल.बी., आणि साल नाही.
शेवटचं वर्ष राहिलं असेल. पाळणा हलला असेल.
काहीही असेल.

चार वीसला जिना वाजला.
हळदीच्या पेठेतून थेट आलेली मुलगी,
नखांच्या कडा पिवळ्या.
बी.कॉम., अडत दुकानात हिशेब लिहिते.
प्लास्टिकच्या पिशवीत ती दोन बायका घेऊन आली होती.
पदवीवर : बिरनाळे अश्लेषा शीतल.
आधारवर : साक्षी ऋषभ मगदूम.
ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं गेलं
तेव्हा तिला वाटलेलं,
तांदूळ काय, संध्याकाळी शिजवून टाकतात.
बँकेची परीक्षा पास झाली.
आता बँक विचारते, नेमकी कोण?

'तुमच्या संघाचं पत्र चालेल का?'
नाही चालणार, मी सांगून टाकलं.
आमच्या शिक्क्याची शाई हल्ली आम्हालाच दिसत नाही.
प्रतिज्ञापत्र लागतं, राजपत्रात छापावं लागतं,
लग्नाचा दाखला, दोन फोटो, आणि खिडकीतल्या माणसाचा मूड.
जोहरा म्हणाली, मंगळवारी साडेदहाला
तहसीलच्या पायरीवर थांब, मी येते.
तू बारावी.
पहिलीच्या वेळी उपाशी राहिले होते,
आता डबा घेऊनच निघते.

तरी मी पत्र लिहिलं. चालत नसलं तरी.
लेटरपॅडवर, दोन ओळी :
या दोघी एकच आहेत.
आम्ही पाहिलं आहे.

साडेचार. तहकूब सभा सुरू.
ती उठेना.
सभासद व्हायला काय लागतं?
पदवी, मी म्हणाले, आणि पन्नास रुपये.
नोटेलाही हळद होती.
रजिस्टर पुढं सरकवलं तशी थांबली :
कुठलं नाव लिहू?

कुणी काही सुचवलं नाही.
पंखा फिरत होता, एका पात्यात कुरकुर.
कलावतीबाईंनी तिच्या हातातलं पेन फक्त काढून घेतलं
आणि टोक केलेली पेन्सिल दिली.

आम्ही सहा. कोरम नाहीच.
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं.
विषय क्रमांक एक :
दिल्लीला कळवावयाची संख्या.