कार्डाची दुसरी बाजू

आधी सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात,
मग कसबा बावड्याच्या या नव्या इमारतीत,
सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडी देव देत आलो.
काम एवढंच:
साक्षीदार पिंजऱ्यात चढला की
प्लॅस्टिक मढवलेलं कार्ड पुढं धरायचं,
म्हणायचं, माझ्या मागनं म्हणा,
ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खरं सांगेन.

आणि म्हणायचे की सगळे.
बांधावरनं भावाचं डोकं फोडलेले म्हणायचे,
चुलतीचा अंगठा झोपेत उमटवून घेतलेले म्हणायचे.
वडणग्याचा एकजण तर डोळे मिटून, हात जोडून म्हणाला
आणि पुढची चाळीस मिनिटं
एक शब्द खरा बोलला नाही.
ईश्वरानं कधी हरकत घेतली नाही.

मंगळवारी शामगोंडा मगदूम आला.
वय एक्केचाळीस, मोल्डर, शिरोलीच्या फौंड्रीत.
भुवया जळून परत उगवलेल्या, विरळ.
मी कार्ड धरलं.
"ईश्वर नको," तो म्हणाला,
चहात साखर नको म्हणावं तसं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मॅडमनी मान वर न करता सांगितलं,
"प्रतिज्ञा द्या."
कार्ड उलटं केलं.
पुढची बाजू अंगठ्यांनी काळवंडलेली,
ही मात्र कोरी करकरीत,
जणू कालच छापून आणली.
गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो...
मीच अडखळलो. त्यानं सावरून घेतलं.

उलटतपासाला वकील उठले, बाह्या सारत.
"देवळात जाता? बस्तीत? कुठंच नाही?
मग मानता तरी काय, मगदूम?"
तो गप्प.
"ज्याला कशाची भीतीच नाही
त्याच्या बोलण्यावर..."
"ते त्यांचं त्यांच्यापाशी," मॅडम म्हणाल्या. "पुढं चला."
स्टेनो विद्याताईंची बोटं
कळफलकावर नुसती तरंगत राहिली.
संध्याकाळी मी मुद्दाम कागद पाहिला:
दोन प्रश्नांच्या मधे
एक कोरी ओळ.

सदसद्विवेकबुद्धी.
खात्याच्या परीक्षेत हा शब्द मी पाठ केला होता,
चार मार्कांसाठी.
अठ्ठावीस साली रिटायर होईन,
तोवर तो मोठ्यानं म्हणायची वेळ
माझ्यावर आलीच नसती.

मग त्यानं साक्ष दिली.
वितळलेल्या लोखंडाची बादली कशी कलली,
इर्शादचे दोन्ही पाय कसे गेले.
मालकाच्या वकिलाला हवं होतं
इर्शादच दारू पिऊन होता म्हणून.
शामगोंडा म्हणाला,
"तो शुद्धीत होता.
साखळी बदला म्हणून मी तीनदा मालकाला सांगितलं.
पण रोज सकाळी ती तपासायचं काम माझं.
त्या दिवशी मी तपासली नाही."

कुणी विचारलंच नव्हतं त्याला हे.

पंखा फिरत होता.
वकिलांनी पुढचा प्रश्न शोधायला
फाईलची पानं उगीच चाळली.
पिंजऱ्यातनं उतरताना तो
माझ्याकडं बघून किंचित हसला,
का भुवया नसल्यानं तसं वाटलं, कोण जाणे.

घरी जेवताना बायकोला म्हटलं,
आज एकजण देवाला नको म्हणाला.
ती म्हणाली, "मग? वीज पडली का?"
"नाही. खरं बोलला."
तिनं आमटी वाढली.

मी दर रविवारी जोतिबाला जातो.
वडलांनी खांद्यावर बसवून नेलं तेव्हापासून,
ताप असला तरी, नोटाबंदीत,
महापुराचं पाणी उतरल्या उतरल्या,
गुलाल कानात आठवडाभर राहतो.
या रविवारी पायऱ्यांवर थबकलो.
खोबरं विकणारी म्हातारी म्हणाली,
"काय ओ दादा, दमलासा?"
दमलो नव्हतो.
एवढंच मनात आलं, की आजवर
दोन बाजूंचं कार्ड
माझ्यापुढं कुणी धरलंच नाही.
मीही नाही.

बराच वेळ बसलो.
खाली शेतं, पलीकडं धुकटात शहर,
वर चांगभलंचा गजर.
मग उठलो.

वर गेलो की माघारी आलो
ते विचारू नका.
तिथं
एक कोरी ओळ ठेवा.