रकाना चौदा

निविदेच्या अर्जात रकाना चौदा:
इतर उत्पादकांपेक्षा आपले वेगळेपण, पन्नास शब्दांत.
मदनकर साहेब म्हणाले, वृषाली, तूच लिही,
तुझं मराठी बरं आहे.
आणि स्कूटरला किक मारून गेले.

मी लिहिलं, गुणवत्ता. खोडलं.
विश्वासार्हता. तेही खोडलं.
हे शब्द तर शेजारच्या शेडमधला बादल्यावालाही लिहितो.

आम्ही जोड बनवतो.
सौर पॅनेलच्या पाठीवरची काळी डबी,
तिच्यातले डायोड, तिच्यातून निघणाऱ्या दोन तारा,
तारांच्या टोकांना कनेक्टर, एक नर, एक मादी,
टक् करून एकमेकांत बसणारे.
लोक खालून पॅनेल पाहतात.
आम्ही त्याच्या पाठीमागे.

मे महिन्यात हिंगण्याच्या आमच्या टिनावर
बहात्तर अंश भरतात.
पुण्याच्या कंपनीकडे त्यासाठी परदेशी भट्टी आहे, कुलूपबंद.
आमच्या भट्टीला शिडी लावावी लागते.
सकाळी मी नव्वद डब्या वर मांडते,
दुपारी दुपट्टा गुंडाळून चढते,
कुठली कड किती वाकली ते वहीत टिपते.
वारा फिरला की कोराडीकडची राख येते,
झाकणाच्या रबराखाली शिरायला बघते,
तेव्हा कळतं कुठलं रबर खोटं बोलतंय.
कोळसा आमचा परीक्षक, बिनपगारी.
हे लिहू का?

घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते,
दम घेते.
ठिणगी उडालीच तर त्या दमात विझते.
पॅनेलमधली वीज दम घेत नाही.
जोड सैल असेल तर ठिणगी त्याला धरून बसते,
ऊन उतरेपर्यंत.

म्हणून पहिल्या टेबलावर कौसल्याबाई निनावे.
गोळीबार चौकात सासऱ्याच्या मागावर
ताण्याचा तुटका धागा सांधायच्या,
गाठ अशी, की नेसणारीला जन्मभर कळू नये.
माग भंगारात गेला, त्या इथे आल्या.
मशीनने दाबलेला तांब्याचा जोड
बोटात एकदा गोल फिरवतात,
म्हणतात, "हे नाई बाप्पा."
मशीनवर हिरवा दिवा.
मी ओढून बघते. तीनशे दहाला टिकायला हवी ती तार
दोनशे नव्वदला सुटते.
दहातून नऊदा असं.
दहाव्यांदा मशीन बरोबर निघतं,
तेव्हा बाई माझ्याकडे न पाहता चहा सांगतात.

चार वर्षांपूर्वी उमरेडहून एक डबी परत आली, जळकी.
कुणाला इजा नाही, टाकीचं झाकण तेवढं वितळलं.
साहेब एसटीने गेले,
त्या लॉटच्या एकशे चाळीस डब्या बदलून दिल्या.
त्या दिवाळीला बोनस अर्धा.
सगळे कुरकुरले, मी सुद्धा.
ती डबी ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे,
जिथे बाकीचे ढाली ठेवतात.
गिऱ्हाईक विचारतं, साहेब सांगतात,
काही गिऱ्हाईकं तिथूनच चपला घालतात.

आमचा माल अकरा रुपयांनी महाग.
चार रुपये तांब्यावरच्या कल्हईचे,
तीन रबराचे,
उरलेले चार
एका बाईने बोटं फिरवण्यात घालवलेल्या सेकंदांचे.

दिवाळीपासून बाईंच्या उजव्या तर्जनीला मुंग्या येतात.
साखर, डॉक्टर म्हणाले.
हे त्यांना माहीत आहे आणि मला.
साहेबांना अजून नाही.
पुण्याला तर नाहीच.

साडेआठ वाजले. शेवटी लिहिलं:
'दर अकरा रुपये जास्त. कारण पाहायचे असल्यास
मे महिन्यात, दुपारी दोनला यावे. शिडी आमची.'
एकोणीस शब्द. एकतीस उरले.

मग दिवे मालवायच्या आधी
पहिल्या टेबलावर बसले.
ट्रेमधून एक जोड उचलला, डोळे मिटले,
बोटात गोल फिरवला.
काहीच कळलं नाही.
नुसतं तांबं, दिवसभराचं कोमट.

पुन्हा फिरवला.