तिसऱ्या दिवशी कुमझार

खसबहून होडीनं तीन तासांची वाट.
आम्ही तीन दिवस लावले, डोंगरावरून.

खमीसच्या हातात लांब दांड्याची इवलीशी कुऱ्हाड.
तो चढावर गप्प, उतारावर गुणगुणतो.
माझा डावा गुडघा दोन्हीकडे बोलतो.

दुसऱ्या रात्री दगडी घर. दार कमरेइतकं,
आत रांजण,
दारापेक्षा रुंद.
"आधी रांजण ठेवतात, मग भोवती भिंती,"
खमीस म्हणाला, आणि खजुराची बी थुंकला.

शारजात अकरा वर्षं
मी नुसत्या भिंतीच घातल्या.
झोप लागली नाही. गुडघाच असेल.

सकाळी खाली समुद्र,
किनाऱ्यावर सुकी मासळी चघळणाऱ्या शेळ्या,
आणि एक पोरगं,
माझ्या बुटांकडे बघत:
"होडी चुकली का?"