पोटखराब

एकतीस वर्षं मी पीकपाहणी केली
चावडीच्या ओट्यावर बसून.
कोतवाल चहा आणायचा, मी रकाने भरायचो:
ज्वारी, तूर, करडई,
आणि त्या टेकडीपुढे
मान वर न करता एकच शब्द.
पोटखराब.

निवृत्त झालो, अंबाजोगाईत घर बांधलं
नेमकं तिच्याच पायथ्याला.
आता तिथे कॉलनी आहे, पाण्याची टाकी आहे,
सकाळी पांढऱ्या बुटांतले आम्ही आहोत,
साखर मोजत, पावलं मोजत.

केजची अर्शिया काझी
माळावर चौकट टाकून बसलेली असायची.
पीव्हीसीच्या नळ्यांची, मीटर बाय मीटर.
आत जे असेल ते लिहायचं.
मी म्हटलं, बाई, आत काय? गवत.
ती म्हणाली, काका, कोणतं?

अर्ध्या तालुक्याचे बांध
झोपेत सांगणारा मी
गप्प.

शेळ्या घेऊन गयाबाई उभी होती.
"ह्ये पवन्या. ह्ये मारवेल. ही कुसळी.
हिला शेळी कवळेपणीच तोंड लावती,
मागून नाही."
अर्शियाने लिहून घेतलं.
मी चौकटीची एक बाजू धरली.
तेव्हापासून धरूनच आहे.

एका चौकटीत सतरा जाती.
अशा अठ्ठेचाळीस चौकटी.
बैलाच्या खुराच्या ठशात मावलेलं
चंडोलाचं घरटं.
गळ्याची निळी झालर उघडून
दगडावरून भांडणारा सरडा.
धाविक. रातवा.
आणि टाकीमागच्या बिळात खोकड,
शेपटीला काळं टोक, तीन पिल्लं.
रात्री अकरा चाळीसला कॅमेऱ्यात
एक पिल्लू माझी हरवलेली चप्पल ओढताना दिसलं.
मी तक्रार केली नाही.
वहिवाट त्यांची.

मग नगरपालिकेचं घनवन आलं.
दहा हजार रोपं, टँकर, तारेचं कुंपण,
फलक आधीच छापलेला:
ओसाड टेकडी हिरवी करू या.
जेसीबी शुक्रवारी.

सभेत अर्शियाने आलेख दाखवले.
कुणीतरी विचारलं, म्हणजे तुम्ही झाडांच्या विरोधात?
हशा पिकला. तिचे कान लाल झाले.
तेवढ्यात मागून गयाबाई,
"डोईवर केस शोभतेत म्हणून
तळहाताला बी लावायलाव का?
झाडं लावा की. जुन्या कचरा डेपोवर लावा.
तिथं हिवर होते, पळस होते.
मला म्हाईत हाय,
सरपणाला मीच तोडलेत."

मी उठलो. बोलायचं बरंच होतं.
एवढंच निघालं:
ती नोंद माझ्या हातची आहे. चुकली.

शुक्रवारी जेसीबी आलाच.
तीन ओळी खड्डे झाले, मग फोन आला, मग थांबला.
घनवन डेपोवर गेलं,
दहा हजारांचं चार हजार होऊन,
त्यातही गुलमोहर घुसलेच.
रविवारी कॉलनीची पोरं तिथे
हिवराला, बोरीला, मेडशिंगीला पाणी घालतात.
खुरपं लावलं की अजून चप्पल निघते, सलाईनची नळी निघते.

टेकडीवरचे खड्डे आम्ही बुजवले नाहीत.
अर्शिया म्हणाली, राहू द्या, काय उगवतं बघू.
पहिल्या वर्षी तरोटा.
दुसऱ्या वर्षीही तरोटा.
खोकड त्या उन्हाळ्यात दिसलं नाही.
बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं,
आम्ही तेही लिहिलं.

नोंद दुरुस्तीचा अर्ज दिलाय.
नवा तलाठी चांगला आहे, खुर्ची दिली,
म्हणाला, मग काय लिहायचं, सर?
संगणकाच्या यादीत त्याने वरून खाली पाहिलं,
खालून वर पाहिलं.

घरी येऊन मोजे काढतो.
कुसळं रुतलेली असतात,
घामाची ओल लागली की पीळ घेत
आत आत जाणारी,
जमीन कुठल्या वर्गाची
हे न विचारता.

बायको म्हणते, बाहेर झटका ते.
गादीत शिरतंय.