हाळावर

टँकरचं पाणी आलं तसं
जनावराला दावायचं नसतं.
पावडरीचा वास असतो त्याला.
गाय नाक लावते, फुर्रकन सोडते
आणि आपल्याकडं अशी बघते
की आपणच काहीतरी लपवलंय.

म्हणून सांजेलाच उघड्या टाकीत भरून ठेवते.
रात्रभरात वास उडतो.
पहाटे हाळ घासते :
नारळाची शेंडी, मूठभर वाळू,
कोपऱ्यातलं शेवाळ नखानं.
महिन्यातून एकदा चुना.
वर तुराट्यांचा मांडव केलाय यंदा,
त्यावर माझं जुनं लुगडं, ओलं करून.
दुपारी काळ्या नळीत पाणी चहाइतकं तापतं,
पहिल्या दोन बादल्या खरकट्या भांड्यांना,
मग जनावरांना.

शेळ्या आधी.
म्हशीनं तोंड घातलेलं शेळी पीत नाही,
फार सोवळ्यातली बाई ती.
मग गाय, मग कालवड,
म्हैस शेवटी, कारण ती पीत नाही नुसती,
राहायलाच येते.

गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा आहेत.
वानेऱ्याच्या.
फाल्गुनात चार बादल्या, चैत्रात सहा,
वैशाखात आठ.
काळ्या तोंडाचा देवणी बैल,
पांढऱ्या अंगावर जणू कुणी
तोंडच तेवढं दुसऱ्याचं बसवलंय.

या वैशाखात तिसऱ्या दिवशी
रेघ दीडवर थांबली.
उदगीरहून डॉक्टर आले, जीभ ओढून बघितली,
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती उभीच राहिली थोडा वेळ, घडी घातलेल्या धोतरासारखी.
‘रोग काही नाही,’ म्हणाले, ‘पाणी पाजा.’
गुळाचा खडा टाकला, मीठ टाकलं.
तो हाळापाशी यायचा,
पाण्यातलं आपलं तोंड बघायचा
आणि उभा.
कशाची तरी वाट बघत असल्यागत.

होळीनंतर मामंजींचे दात काढले.
वरचे खालचे, सगळे.
कवळी डब्यात आहे, टोचते म्हणतात.
चाळीस वर्षं याच हाळावर
पाच-सहा जोड्यांना शीळ घालून पाणी पाजलेला माणूस.
दात गेल्यावर एकदा आले होते,
ओठांचा चंबू केला,
नुसता वारा आला.
तेव्हापासून बाज त्यांनी लिंबाखाली नेली,
हाळाकडं पाठ करून.

हे मला भांडी घासताना कळलं,
हातात राख तशीच.

बाईनं शीळ घातली की घरात साप येतो.
लहानपणी चिंचेखाली एकदा घातली होती,
आईनं ओठाला चिमटा काढला,
साप काही आला नाही.

भर दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
बंडीखाली कोंबड्या चोची उघड्या टाकून.
मी हाळातल्या पाण्यानं ओठ भिजवले.
पहिली नुसतीच फुंकर.
दुसरी टिटवीच्या पिलासारखी, मोडकी.
वानेऱ्याचा कान फिरला.
डोकं नाही, फक्त कान.
तिसरी लांब गेली,
माझी मलाच ओळखू आली नाही,
आणि त्यानं मान खाली घातली.

घोट मानेतून चढताना दिसतात बैलाचे,
कातडीखालून, एकेक,
जात्यात घास टाकावा तसे.
एक बादली. तीन. पाच.
श्वास पुरेना, गाल दुखले,
मध्ये थांबले की तोही थांबायचा,
मिशांवरून थेंब गळत.
सात.

मागं बाज करकरली.
मी वळले नाही, तेही वळले नसावेत.
जरा वेळानं बोळक्या तोंडातून आवाज आला :
‘बारीक हाय गं ती.
वासराला घालत्यात तसली.
बैलाला जाड लागती.’

पदरानं तोंड पुसलं.
आठवी बादली ओतली.
पुन्हा ओठ भिजवले.